बुडाली की बुडवली?

घरात काच फुटली की लहान मूल धावत येऊन सांगतं, "काच फुटली." "फोडली" असं ते कधीच म्हणत नाही. व्याकरण त्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण अकर्मक क्रियापदात लपायला जागा असते हे त्याला बोलायला लागल्यावर वर्षभरातच उमगतं. पुढे ते मूल मोठं होतं. एखादं अर्थमंत्रीही होतं.

मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत. फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं, सुटणं-सोडणं, बुडणं-बुडवणं. जोडीतल्या पहिल्या क्रियेला करणारा लागत नाही. दुसरीला लागतो, आणि भूतकाळात त्याच्या नावाला 'ने' चिकटतो. आता कुठल्याही आर्थिक संकटातल्या बातम्या आठवून पाहा. बाजार कोसळला, चलन घसरलं, गंगाजळी आटली, महागाई भडकली, बँका बुडाल्या. पाऊस पडला, भूकंप झाला, त्याच चालीवर. सरकारी निवेदनाकडे तर याहून भारी हत्यार असतं: निर्णय घेण्यात आला, हमी देण्यात आली, योग्य ती कारवाई करण्यात येईल. घेतला कोणी, दिली कोणी, करणार कोण? वाक्यात काहीच कमी वाटत नाही, फक्त माणूस गायब असतो.

उत्तरदायित्वाची सगळी लढाई त्या एका 'ने'साठी असते, असं मला वाटतं. आणि तिचा निकाल कोर्टात किंवा चौकशी समितीपुढे लागतो हा आपला गैरसमज आहे. तो बराचसा आधीच लागलेला असतो, संकटाच्या पहिल्या काही दिवसांत आणि रात्रींत. खोलीत कोण होतं, कोण काय म्हणालं, कशाच्या आधारावर सही झाली, हे त्या वेळी कुणी लिहून ठेवलं की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. पाच वर्षांनी नेमलेली समिती कितीही विद्वान असली तरी न लिहिलेला कागद वाचू शकत नाही.

नेमक्या त्याच दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ही दोष शोधण्याची वेळ नाही, आधी आग विझवू द्या." ऐकायला शहाणपणाचं आहे. आग लागलेली असताना बंबाच्या चालकाची उलटतपासणी कुणी करत नाही. पण आग विझवणारे आणि काडी लावणारे जर एकाच खोलीत बसलेले असतील, तर निदान हजेरीपट तरी हवा की नको?

आयर्लंडचं उदाहरण मला या बाबतीत सगळ्यात बोलकं वाटतं. २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री डब्लिनमधल्या सरकारी इमारतीत पंतप्रधान, अर्थमंत्री, मध्यवर्ती बँकेचे आणि नियामक संस्थेचे अधिकारी जमले. दोन मोठ्या बँकांचे प्रमुखही येऊन गेले. पहाटेपर्यंत ठरलं की देशातल्या प्रमुख बँकांच्या ठेवींना आणि बहुतेक कर्जांना सरकार हमी देणार. हमीची व्याप्ती सुमारे ४४० अब्ज युरो, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. मंत्रिमंडळाची संमती कशी घेतली? मंत्र्यांना मध्यरात्रीनंतर फोन करून. झोपेतून उठून "हो" म्हणालेल्या मंत्र्यांच्या त्या संमतीवर पुढे बँका सावरण्याचा जो खर्च आला तो सुमारे ६४ अब्ज युरोंचा, आणि देशाची लोकसंख्या होती जेमतेम ४५ लाख.

त्या रात्री काय पर्याय समोर होते, कोणी कशाला विरोध केला, याची रीतसर टिपणं जवळजवळ नाहीतच. जे होते त्यांच्या आठवणी आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. संसदेची चौकशी समिती बसली ती २०१४ मध्ये, अहवाल आला जानेवारी २०१६ मध्ये. सव्वासात वर्षं उलटून गेली होती. अर्थमंत्री ब्रायन लेनिहन तोवर हयातही नव्हते. शिवाय त्या समितीला एक विचित्र बंधन होतं. २००२ च्या एका न्यायालयीन निकालामुळे संसदेच्या समितीला व्यक्तीचं नाव घेऊन ठपका ठेवता येत नव्हता. ते बदलण्यासाठी २०११ मध्ये जनमत घेतलं गेलं, आणि लोकांनीच ते फेटाळलं. एवढी सत्ता राजकारण्यांच्या हाती द्यायला लोक तयार नव्हते. त्यांचं चुकलं असं मला ठामपणे म्हणवत नाही. पण परिणाम असा झाला की शेकडो पानांच्या अहवालात 'ने' लावायलाच मनाई होती.

त्या काळातलं एक तरी खरंखुरं संभाषण जगापुढे आलं ते समितीमुळे नव्हे. हमीमागचं मोठं कारण ठरलेल्या अँग्लो आयरिश बँकेत फोन ध्वनिमुद्रित होत असत. जून २०१३ मध्ये ती ध्वनिमुद्रणं एका वृत्तपत्राने बाहेर काढली. त्यात बँकेचे वरिष्ठ अधिकारी हसत बोलताना ऐकू येतात. मध्यवर्ती बँकेकडे मागितलेला ७ अब्ज युरोंचा आकडा कुठून आणला, असं एक विचारतो, आणि दुसरा अतिशय ग्राम्य शब्दांत सांगतो की असाच काढला. आकडा मुद्दाम कमी ठेवायचा, एकदा सरकारचे पैसे अडकले की सरकारला मागे फिरता येणार नाही, असा त्या बोलण्याचा रोख होता. बँकेने स्वतःच लावलेली यंत्रणा बँकेवरच उलटली. राज्यसंस्थेच्या खोलीत मात्र तशी यंत्रणा नव्हती.

त्याच देशातला दोन वर्षांनंतरचा प्रसंग. नोव्हेंबर २०१० मध्ये आयर्लंड युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागणार अशा बातम्या येत होत्या आणि मंत्री एकामागून एक कॅमेऱ्यासमोर येऊन त्या नाकारत होते. मग १८ तारखेच्या सकाळी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर पॅट्रिक होनोहन यांनी फ्रँकफर्टहून सरकारी रेडिओच्या सकाळच्या कार्यक्रमाला फोन केला आणि सांगितलं की हो, कर्ज घेतलं जाईल, आणि ते अब्जावधींचं असेल. देशाला ती बातमी मंत्रिमंडळाकडून मिळाली नाही. रेडिओ लावून न्याहारी करणाऱ्यांना ती आधी कळली. होनोहन यांनी मर्यादा ओलांडली असं काहींनी म्हटलं. मला तर त्या आठवड्यात प्रथमपुरुषी बोललेला तो एकमेव अधिकारी वाटतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बँक ही विश्वासावर चालते. खरं सांगितलं तर लोक घाबरतील, घाबरले तर पैसे काढायला धावतील, धावले तर धडधाकट बँकही बुडेल. तेव्हा संकटात थोडं मौन, थोडी सफेद लपवाछपवी लोकांच्याच हिताची, असा हा युक्तिवाद. १३ सप्टेंबर २००७ च्या संध्याकाळी बीबीसीच्या रॉबर्ट पेस्टन यांनी नॉर्दर्न रॉक या बँकेने बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितल्याची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी शाखांबाहेर रांगा लागल्या. ब्रिटनमध्ये बँकेवर अशी झुंबड जवळपास दीड शतकात पडली नव्हती. पुढे २००९ च्या सुरुवातीला संसदेच्या समितीने पेस्टन आणि इतर काही पत्रकारांना बोलावून विचारलं की संकट वाढवण्यात तुमचा हात किती?

प्रश्न विचारायला हरकत नव्हती. पण क्रम पाहा. बँकेने मदत बातमीआधी मागितली होती. अल्प मुदतीच्या उसन्या पैशांवर दीर्घ मुदतीची गृहकर्जं वाटायची तिची पद्धत बातमीआधीची होती. रांगा ओसरायला लागल्या त्या सरकारने १७ तारखेला सगळ्या ठेवींची हमी जाहीर केल्यावर. म्हणजे लोकांना घाबरवलं ते बातमीने की चार दिवस न आलेल्या हमीने? ठेवीदार मूर्ख नव्हते. त्या वेळच्या नियमांनुसार ठराविक रकमेपुढच्या ठेवीला पूर्ण संरक्षण नव्हतं, आणि त्यांनी ते बरोबर ओळखलं होतं. मौनाची शिफारस करणाऱ्यांना मी एकच विचारीन: ज्यांना आतली खबर होती त्यांनीही तेवढेच दिवस आपले पैसे जागचे हलवले नव्हते ना? मौन सगळ्यांसाठी सारखं असेल तर त्यावर बोलू. ते बहुधा फक्त रांगेत उभं राहणाऱ्यांसाठी असतं.

माध्यमांचं गुणगान करण्याचा मात्र माझा इरादा नाही. विकली गेलेली माध्यमं ही तक्रार आपण रोज करतो आणि तीत तथ्य आहे. आइसलँडमध्ये २००८ पूर्वी प्रमुख वृत्तपत्रं ज्यांच्या मालकीची होती, तीच माणसं बँकांचे मोठे भागधारक किंवा मोठे कर्जदार होती. पण न विकलेल्या माध्यमांचीही एक खोड आहे, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. डोळ्यांसमोर उभ्या राहणाऱ्या आकड्यामागे ती धावतात.

मार्च २००९ मध्ये अमेरिकेत एआयजी या विमा कंपनीवरून गदारोळ उठला. सरकारने वाचवलेल्या या कंपनीने, ज्या विभागाने ती खड्ड्यात घातली त्याच विभागातल्या लोकांना सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस दिले होते. संताप योग्यच होता. संसदेत भाषणं झाली, कर्मचाऱ्यांच्या घरांपुढे निदर्शनं झाली, प्रतिनिधीगृहाने अशा बोनसवर ९० टक्के कर लावणारं विधेयक घाईघाईने मंजूर केलं. ते कायदा झालंच नाही, ही वेगळी गोष्ट. त्याच सुमारास कंपनीने आणखी एक यादी प्रसिद्ध केली होती: सरकारी मदतीतून कुठल्या बँकांना किती पैसे पोचले. त्यात एकट्या गोल्डमन सॅक्सच्या नावापुढे सुमारे १२.९ अब्ज डॉलर होते. बोनसच्या कितीतरी पट. तोट्यात गेलेल्या कंपनीची देणी शंभरातले शंभर सेंट मोजून का भागवली, हा प्रश्न बोनसच्या आरडाओरड्यात पानांच्या तळाशी गेला. बोनस घेणारा माणूस दिसतो, त्याचं घर दिसतं. 'प्रतिपक्षाला', म्हणजे करारातल्या समोरच्या बँकेला, 'दिलेलं तारण' कसं दिसणार? चोराला पकडल्याचं समाधान मिळालं की तिजोरीकडे कुणी बघत नाही. आणि हे काही संपादकांनी ठरवून केलं असंही नाही. वाचकांना, म्हणजे आपल्यालाच, तेच हवं होतं.

याच्या उलट टोकाला ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेचे बातमीदार मार्क पिटमन. २००८ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हकडे माहितीच्या कायद्याखाली साधी माहिती मागितली: आणीबाणीची कर्जं कुठल्या बँकांना दिली, कशाच्या तारणावर? उत्तर नकारार्थी आलं. नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांची वृत्तसंस्था कोर्टात गेली. खालच्या कोर्टात जिंकली, वरच्या कोर्टात जिंकली. बँकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, तिथे दाद लागली नाही, आणि ३१ मार्च २०११ रोजी हजारो पानं बाहेर आली. पिटमन त्याआधीच, नोव्हेंबर २००९ मध्ये वारले होते. बातमीदाराच्या आयुष्यापेक्षा बातमीचं आयुष्य लांबलं. पण पानं बाहेर आली, कारण ती होती. फेडरल रिझर्व्हने लपवली, नाकारली, कोर्टात लढवली, तरी मुळात कुणीतरी रोज त्या कर्जांची नोंद केली होती. लपवलेला कागद आणि कधीच न लिहिलेला कागद यांत हा जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता आइसलँड. ऑक्टोबर २००८ च्या साधारण एका आठवड्यात त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका, ग्लिटनिर, लांड्सबांकी आणि कौपथिंग, कोसळल्या. त्यांचा एकत्रित पसारा देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास दहापट होता. डिसेंबरमध्येच तिथल्या संसदेने, आल्थिंगने, विशेष चौकशी आयोग नेमला. बँकांच्या गोपनीयतेच्या आड न अडता कागद आणि माणसं तपासण्याचे अधिकार त्याला दिले. एप्रिल २०१० मध्ये नऊ खंडांचा, दोन हजारांवर पानांचा अहवाल आला. नीतिमूल्यांसाठी त्यात स्वतंत्र भाग होता आणि माध्यमांनी काय केलं, काय केलं नाही, याचीही झाडाझडती त्यात होती. तीन माजी मंत्री, मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर आणि वित्तीय नियामक संस्थेचे प्रमुख, अशा सात जणांनी कर्तव्यात कसूर केली, असं आयोगाने नावानिशी लिहिलं. अकर्मक क्रियापदांच्या देशात एवढे सगळे 'नी' एकदम उगवले.

मग जे झालं ते मला कुठल्याही निकालाहून थोर वाटतं. रेक्याविकच्या सिटी थिएटरमधल्या नटांनी तो अहवाल रंगमंचावर मोठ्याने वाचला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, रात्रंदिवस, न थांबता. काही दिवस चाललं ते वाचन. अभिनय नाही, संगीत नाही. लोक येत, बसत, उठून जात, पुन्हा येत. ज्यांच्याकडे पारायणाची परंपरा आहे त्यांना यात काय घडलं असेल ते निराळं सांगायला नको. सरकारी अहवाल सहसा प्रसिद्ध होतो त्या दिवशी बातम्यांत झळकतो आणि तिसऱ्या दिवशी कपाटात जातो. इथे वाक्यावाक्याला हवेत आवाज मिळाला.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती परीकथा होईल. आल्थिंगला आता मंत्र्यांवर खटला भरायचा होता. संसदीय समितीतल्या बहुमताने चार माजी मंत्र्यांची नावं सुचवली. सप्टेंबर २०१० मध्ये प्रत्येक नावावर वेगळं मतदान झालं आणि ३३ विरुद्ध ३० मतांनी फक्त माजी पंतप्रधान गेइर हार्दे अडकले. बाकीचे तिघे सुटले. कोणी कोणाला वाचवलं ते पक्षांच्या रंगांवरून सहज कळत होतं. ज्या सभागृहाने बँकांच्या वाढीला टाळ्या वाजवल्या होत्या तेच सभागृह आता फिर्यादी झालं होतं. एप्रिल २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने हार्दे यांना चारपैकी तीन आरोपांतून मुक्त केलं. एकात दोषी ठरवलं आणि शिक्षा काहीच दिली नाही. पुढे ते अमेरिकेतले राजदूत झाले.

तो एक आरोप कोणता, हे बहुतेकांच्या लक्षातही राहिलेलं नाही. देशावर एवढं मोठं संकट चालून येत असताना त्यांनी त्यावर मंत्रिमंडळाची बैठक घेतली नाही, जी राज्यघटनेप्रमाणे घ्यायला हवी होती. अनेकांनी हसण्यावारी नेलं. म्हणजे देश बुडाला आणि गुन्हा काय, तर बैठक घेतली नाही! काही विद्वानांनी त्याला तांत्रिक दोष म्हटलं. मला ते हसण्यासारखं वाटत नाही. बैठक म्हणजे विषयपत्रिका, उपस्थिती, इतिवृत्त. बैठक झाली असती तर कुणीतरी विचारलं असतं, कुणीतरी नाही म्हटलं असतं, आणि ते कागदावर आलं असतं. बैठक टाळली की कर्ता जन्मालाच येत नाही. आयर्लंडच्या त्या रात्रीत जे हरवलं, त्यालाच आइसलँडच्या न्यायालयाने गुन्हा म्हटलं. तांत्रिक म्हणा हवं तर.

आइसलँडच्या कथेला आणखी एक शेपूट आहे. कोसळण्याच्या वेळी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर असलेले, त्याआधी तेरा वर्षं पंतप्रधान राहिलेले दाविद ओड्सन आयोगाने ठपका ठेवलेल्या सात जणांत होते. २००९ मध्ये त्यांना गव्हर्नरपद सोडावं लागलं. त्याच वर्षी ते देशातल्या एका सर्वांत जुन्या दैनिकाचे, मोर्गुनब्लादिदचे, संपादक झाले. अहवाल आला तेव्हा त्याची बातमी देणाऱ्या एका प्रमुख वृत्तपत्राच्या संपादकाच्या खुर्चीत अहवालातलंच एक पात्र बसलेलं होतं. राजकारण आणि माध्यमं यांच्या संबंधांवर यापुढे वेगळं भाष्य काय करायचं?

'ने' लावायची घाई झाली की काय होतं, हेही सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. संकटाला कर्ता हवाच असं नाही. कधी खरोखरच बुडतं. शेजारच्या देशातली लाट येते, तेलाचे भाव चढतात, साथ येते. आणि कर्ता असला तरी तो क्वचितच एक असतो. पण लोकांना एक चेहरा हवा असतो आणि सरकारला तो पुरवायला आवडतं, फक्त स्वतःचा सोडून. ग्रीसमध्ये २००९ च्या निवडणुकीनंतर कळलं की तुटीचे आकडे रंगवलेले होते. युरोपच्या दबावाखाली सांख्यिकी संस्थेची फेररचना झाली आणि २०१० मध्ये आंद्रेआस जॉर्जियू तिचे प्रमुख झाले. त्यांनी २००९ ची तूट नियमाप्रमाणे मोजली, ती उत्पन्नाच्या १५ टक्क्यांवर निघाली, आणि युरोपीय सांख्यिकी यंत्रणेने तो आकडा मान्य केला. मग काय झालं? तूट करणारे बाजूला राहिले आणि तूट मोजणाऱ्यावर खटले भरले गेले. त्यांनी आकडा फुगवून देशाला कर्जाच्या सापळ्यात ढकललं, हा आरोप. वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्या. २०१७ मध्ये एका प्रकरणात त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. कारण काय, तर आकडा युरोपला कळवण्याआधी मंडळाची मंजुरी घेतली नाही. तूट किती हे जणू मतदानाने ठरतं. तापमापक फोडला की ताप उतरतो, अशी ही श्रद्धा.

त्याच देशात कोस्तास वाक्सेवानिस या पत्रकाराने ऑक्टोबर २०१२ मध्ये स्विस बँकेत खाती असलेल्या दोन हजारांहून अधिक ग्रीक नावांची यादी छापली. ती यादी फ्रान्सने २०१० मध्येच ग्रीक सरकारला दिली होती. दोन वर्षांत तिचं काही झालं नव्हतं. यादी छापल्यावर मात्र यंत्रणा कमालीच्या वेगाने हलली, आणि पहिली अटक झाली ती पत्रकाराला. काही दिवसांत तो निर्दोष सुटला. यादी ज्या अर्थमंत्र्याच्या हाती प्रथम आली होती, त्याला तीतून नातेवाइकांची नावं गाळल्याबद्दल दोषी ठरायला २०१५ उजाडलं.

अर्जेंटिनात तर २००७ पासून महागाईचा सरकारी आकडा आणि दुकानातली महागाई यांची भेटच होईना. निर्देशांक काढणाऱ्या अधिकाऱ्याला हटवलं होतं. २०११ मध्ये स्वतःचे आकडे छापणाऱ्या खाजगी अर्थतज्ज्ञांना दंड झाले. तेव्हा विरोधी खासदारांनी युक्ती काढली: अर्थतज्ज्ञांनी आकडे गुपचूप त्यांना द्यायचे आणि त्यांची सरासरी संसदेच्या संरक्षणाखाली खासदारांनी जाहीर करायची. महिन्याकाठी भाजीपाला किती महागला हे सांगण्यासाठी घटनात्मक विशेषाधिकार वापरावा लागला.

"मग निवडणूक कशासाठी आहे? लोक बघून घेतील," असं सत्ताधारी म्हणतात. लोक बघतात खरं. आयर्लंडमध्ये फेब्रुवारी २०११ च्या निवडणुकीत सत्ताधारी फियाना फॉल पक्ष सत्तरहून अधिक जागांवरून २० वर आला. पण मत हा घण आहे, चिमटा नव्हे. तो पक्षावर बसतो. कोणी सही केली, कोणी सल्ला दिला, कोणी डोळे मिटले हे त्याने निवडता येत नाही. आणि स्मरणशक्तीही थोडी. आइसलँडमध्ये बँकांना मोकाट सोडणारे दोन पक्ष २०१३ च्या निवडणुकीनंतर पुन्हा सत्तेत होते. साफसफाई करणाऱ्या सरकारला करवाढीची आणि काटकसरीची किंमत मोजावी लागली. ज्याने उलटी पुसली त्याच्याच कपड्याला वास येतो.

बाजार अधिक वेगाने शिक्षा करतो, हेही अलीकडे कौतुकाने सांगितलं जातं. २३ सप्टेंबर २०२२ ला ब्रिटनमध्ये लिझ ट्रस सरकारने प्रचंड करकपात जाहीर केली, आणि तिच्यासोबत स्वतंत्र अंदाज संस्थेचा हिशोब प्रसिद्ध केला नाही. सरकारी कर्जरोखे गडगडले. १४ ऑक्टोबरला अर्थमंत्री गेले, २० ऑक्टोबरला पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला. लोकशाहीत एवढी झटपट जबाबदारी कुणी पाहिली होती? पण रोखेबाजाराला कोणी चुकलं याच्याशी देणंघेणं नसतं, पैसे परत मिळतील का एवढंच असतं. त्याचा राग धनकोचा राग आहे. गृहकर्जाचा हप्ता वाढलेल्या माणसाचा राग त्यात योगायोगानेच मिसळला होता. उद्या धनकोला फायद्याची आणि नागरिकाला तोट्याची गोष्ट घडली, तर हाच बाजार टाळ्या वाजवील.

माझी मागणी म्हणून फारच बारकी, कारकुनी म्हणावी अशी आहे. आणीबाणीच्या आर्थिक निर्णयाची टिपणं त्या रात्रीच झाली पाहिजेत, त्यात नाकारलेले पर्याय आणि विरोधी मतंही हवीत, आणि ती कधी उघड होणार याची तारीख त्याच कागदावर हवी. लगेच उघड करा असं मी म्हणत नाही. घबराटीचा आक्षेप तेवढ्यापुरता मान्य. वर्षभराने करा. पण तारीख आधी लिहा. ज्याला माहीत आहे की आपलं वाक्य अमुक दिवशी लोक वाचणार आहेत, तो खोलीत थोडं वेगळं बोलतो. पत्रकारांकडून अपेक्षा तितकीच नीरस आहे: मथळ्यात 'बुडाली' लिहिताना निदान एकदा थांबावं, आणि 'निर्णय घेण्यात आला' हे निवेदनातलं वाक्य जसंच्या तसं छापू नये. ज्याने घेतला त्याचं नाव कळत नसेल तर "कोणी घेतला ते सरकारने सांगितलं नाही" असं छापावं. ही बातमीच आहे.

श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ ला परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. जुलैमध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. टीव्हीवर तरणतलावात उड्या मारणारी माणसं जगाने पाहिली आणि प्रकरण तिथेच मिटल्यासारखं वाटलं. पण काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. याचिका करणाऱ्यांत भ्रष्टाचारविरोधी संस्था होती, आणि एक माजी ऑलिंपिक जलतरणपटूही. १४ नोव्हेंबर २०२३ ला न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने निकाल दिला: गोटाबाया, महिंद आणि बासिल हे राजपक्षे बंधू, मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर आणि अर्थखात्यातले वरिष्ठ, या सगळ्यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. २०१९ ची करकपात, रुपया कृत्रिमरीत्या धरून ठेवणं, नाणेनिधीकडे जायला केलेला उशीर, हे सगळं तारखांसकट न्यायालयापुढे आलं होतं. पेट्रोलच्या रांगांत ताटकळलेल्या, औषधांवाचून राहिलेल्या दोन कोटी लोकांच्या बाबतीत कोर्टाने पहिल्यांदा सकर्मक क्रियापद वापरलं.

नुकसानभरपाई मात्र कोणालाच मिळाली नाही, कारण याचिकाकर्त्यांनी ती मागितली नव्हती. खर्चापोटी १,५०,००० श्रीलंकन रुपये देण्याचा आदेश झाला.